उलट्या पावलांची आत्या

भुताची पावलं उलटी असतात म्हणे. आमच्या आत्याची, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्याची, पावलं चांगली सरळ आहेत, चाल मात्र उलटी. आयुष्याचा निम्मा रस्ता तरी ती मागे मागे चालत गेली असेल, आणि तोही जिन्यांवरून. गल्लीतली वात्रट पोरं तिला 'उलट्या पावलांची आत्या' म्हणतात. तिच्या कानावर गेलं तर ती म्हणते, "मग घाबरा की जरा!" पण तिला कुणी घाबरत नाही. मी तर नाहीच नाही. सगळ्या खानदानात तिच्याशी कडाकडा भांडलेली मी एकटी सून, आणि तिच्याबद्दल लिहायला बसलेय तीही मीच.

सासरचा धंदा लोकांचं सामान हलवण्याचा. कपाटं, पलंग, शिलाई मशिनी, तिजोऱ्या, जे काही असेल ते एका घरातून उचलायचं आणि दुसऱ्या घरात नेऊन ठेवायचं. दीर, चुलतदीर, मामेसासरे, त्यांचे मेहुणे, मेहुण्यांचे साडू, सगळे याच धंद्यात आणि सगळे एकाच गल्लीत. एका घरात फोडणी करपली की गल्लीच्या टोकापर्यंत खोकला लागतो. गल्लीच्या शेवटी ट्रक उभे करायची पत्र्याची शेड आहे. लग्न, भांडण, बारसं, हिशेब, जे काही व्हायचं ते त्या शेडमध्येच होतं.

जड वस्तू उचलायला चार कोपऱ्यांना चार माणसं लागतात. भार पोटाशी आला की त्यांना पायाखालचं काही दिसत नाही. दिसतं फक्त आत्याला. ती त्यांच्या पुढे, त्यांच्याकडे तोंड करून, टाचेनं पायरी चाचपत मागे मागे जाते आणि हाक देते. "डावा खाली. थांब. उजवा फिरव. कठडा आला, बोटं सांभाळा." तिनं "उचला" म्हटल्याशिवाय भार उठत नाही आणि "टेकवा" म्हटल्याशिवाय जमिनीला लागत नाही. ती स्वतः साधी उशीसुद्धा उचलत नाही. हाक देणाऱ्याचे हात मोकळे हवेत, असा आमच्यात नियमच आहे.

हे काम तिच्याकडे आलं वडिलांच्या सर्दीमुळे. आधी हाक तेच द्यायचे. एकदा त्यांचा घसा असा बसला की आवाजच फुटेना. मग ते कुजबुजायचे आणि शेजारी उभी राहून ही पोर मोठ्यानं सांगायची. दोन-तीन दिवसांत असं व्हायला लागलं की वडिलांनी कुजबुजायच्या आतच हिनं सांगून टाकलेलं असायचं. घसा सुटला तरी वडील पुन्हा बोलले नाहीत. म्हणाले, "आता मी कोपरा धरतो."

त्याच्या आधी ती शाळेत जाऊन आली होती. गल्लीतून शाळेत गेलेली पहिली तीच. थोडे महिने गेली आणि एक दिवस दप्तर खुंटीला अडकवून मोकळी झाली. मी एकदा विचारलं, "अवघड वाटायचं का?" तर म्हणाली, "अवघड नव्हतं गं. एकटं वाटायचं. जे शिकले ते घरी येऊन सांगायला कुणी नाही, आणि जे नाही कळलं ते विचारायला पण कुणी नाही." आणि उठून चहा ठेवायला गेली. तेवढंच.

आता माझं माहेर ऐका. तीन माणसं आणि चार बंद दारं. मी अभ्यासाला बसले की घरात घड्याळसुद्धा दबून चालायचं. पहिला नंबर मी कधी सोडला नाही आणि माझी वही कधी कुणाला दाखवली नाही. अभ्यास म्हणजे दार लावून करायची गोष्ट, हे माझ्या रक्तात. आणि लग्न होऊन आले ती या गल्लीत, जिथं दारांना कड्या फक्त वाऱ्यासाठी लावतात.

शेडमध्ये एक भलंमोठं जेवणाचं टेबल आहे. कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या नव्या घरात ते मावेना, तेव्हा त्यांनी आमच्याच गळ्यात टाकलं. आत्यानं त्याच्याभोवती गल्लीतली सगळी पोरं बसवली. दिवेलागण झाली की ती म्हणायची "उचला", आणि पोरं पेन्सिली उचलायची. आपला भाग झाला की पेन्सिल टेबलावर आडवी टेकवायची. पण पुढचा भाग सुरू करायचा नाही. शेजारच्याची पेन्सिल अजून हातात असेल तर त्याला समजावून सांगायचं. याला पोरं म्हणायची 'कोपरा धरणं'. सगळ्या पेन्सिली आडव्या झाल्या की आत्या पुन्हा "उचला" म्हणणार. तिला त्या गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळतंय असं तिनं कधी दाखवलंही नाही. ती फक्त हातांकडे बघायची. पण टेबल आलं तेव्हापासून गल्लीतलं एकही पोर नापास झालं नव्हतं. शाळेच्या मोठ्या बाई एकदा मुद्दाम बघायला आल्या, कोपऱ्यात खोक्यावर बसून राहिल्या, आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "चालू द्या."

माझी पोरगी ठिणगी. नाव वेगळं आहे, पण आजोबांनी तिला ठिणगी म्हटलं आणि तेच चिकटलं. तिची पेन्सिल सगळ्यांच्या आधी आडवी. आणि तिच्या शेजारी कोण, तर तिचा चुलतभाऊ निवांतराव. हाक मारली की हा मान वळवेपर्यंत हाक मारणारा विसरून जाईल काय सांगायचं होतं ते. रोज संध्याकाळी माझी पोरगी याला अपूर्णांक समजावतेय आणि हा दोरी तुटलेल्या पतंगासारखा छताकडे बघतोय. माझ्या जिवाचा नुसता संताप व्हायचा. नवऱ्याला म्हटलं, "शर्यतीचं घोडं ओझ्याला जुंपलंय तुम्ही." तो म्हणाला, "ओझं वाहणारेच आहोत आपण." याच्याशी काय डोकं फोडणार!

शहराच्या पलीकडे एक मोठी शाळा आहे. तिथं जायचं तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते. भाषा, गणित, बुद्धिमत्ता, असे तीन भाग. त्या वर्षी गल्लीतली चार पोरं बसली: ठिणगी, निवांतराव आणि दोघी जुळ्या. जुळ्या दुसऱ्या वर्गात बसल्या. ठिणगीच्या अगदी पुढच्या बाकावर निवांतराव.

निकाल लागला. जुळ्या पास. निवांतराव काठावर, पण पास. ठिणगी नापास.

मला वाटलं, काहीतरी गफलत आहे. मी शाळेत गेले, भांडायच्या तयारीनंच. तिथल्या सरांनी शांतपणे तिचा पेपर काढून समोर ठेवला. पहिला भाग पूर्ण, एकही चूक नाही. दुसरा कोरा. तिसरा कोरा. पुढचं पान उलटलेलंसुद्धा नव्हतं.

घरी येऊन तिला समोर बसवलं. "काय झालं होतं? बरं वाटत नव्हतं?" ती म्हणाली, "नाही गं. माझं झालं होतं. मी टेकवली पेन्सिल."

"मग?"

"निवांत टेकवतच नव्हता. तो लिहीतच होता. मी त्याच्या हाताकडे बघत होते. मला वाटलं, आता टेकवेल, आता टेकवेल. मग घंटाच झाली."

आणि निवांतराव? तो इतका घाबरला होता की टेकवायचं विसरूनच गेला. जन्मात पहिल्यांदा न थांबता लिहीत सुटला आणि तिन्ही भाग पार करून बाहेर आला. हसावं की रडावं कळेना. दुसऱ्या कुठल्याही घरातल्या पोराच्या हातून ही चूक झाली नसती. हे आमच्याच गल्लीत घडू शकतं.

मी तशीच शेडमध्ये गेले. सगळे होते. म्हटलं, "आत्या, तुमच्या एकीनं माझ्या पोरीचं वाटोळं केलं. तुम्ही तिला हुशार केलं नाही, तुम्ही तिला थांबायला शिकवलं!" आणखीही बरंच बोलले. नवरा म्हणाला, "आवाज कमी कर." आत्यानं त्याला हातानं थांबवलं.

"बोलू दे तिला. भार तिच्या कोपऱ्यावर आलाय."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझं बरोबर आहे, सूनबाई." एवढंच. मी आजही म्हणते, माझं बरोबर होतं. पण भांडायला गेलेल्या माणसाला समोरच्यानं असं एका वाक्यात मोकळं केलं की त्या रागाचं करायचं काय, हे मला कुठल्या शाळेनं शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात निवांतराव उठून उभा राहिला. म्हणाला, "ठिणगी नाही तर मी पण नाही जाणार." जुळ्या एका सुरात म्हणाल्या, "आम्ही पण नाही." झालं! मामेसासऱ्यांनी डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, "याला म्हणतात रक्त!" खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही बरं वाटलं. माझ्या एकटीच्या पोरीची शाळा बुडाली नाही, चौघांची बुडाली.

आत्या भडकली. तिला भडकलेली मी त्या एकाच दिवशी पाहिली. "कसलं रक्त नि कसलं काय! गप्प बसा सगळे." ती निवांतरावापुढे जाऊन उभी राहिली. "जिन्यावर एकाचा हात सुटला, तर बाकीचे तिघं काय करतात रे? ते पण सोडतात?"

निवांतराव नेहमीप्रमाणे विचार करत राहिला. मग म्हणाला, "नाही. ते धरून ठेवतात. त्याचा हात परत बसेपर्यंत."

"मग धरा की! सोडताय कशाला?"

तर तिघं त्या मोठ्या शाळेत गेली, आणि ठिणगी जुन्या शाळेत राहिली. आत्यानं नवा नियम केला. तिघांनी रोज तिथं जे शिकवलं ते संध्याकाळी टेबलावर ठिणगीला शिकवायचं. आता गंमत बघा. आमची ठिणगी सुखासुखी काही ऐकून घेणारी नाही. ती विचारणार, "का?" या तिघांना 'का' माहीत नसायचं. मग दुसऱ्या दिवशी ती पोरं वर्गात हात वर करून सरांना विचारायची. निवांतराव हात वर करतो म्हणून त्याच्या सरांनी घरी निरोप पाठवला, 'हा मुलगा फार विचार करतो.' माझ्यासमोर तो टेबलावर ओणवा होऊन माझ्या पोरीला शिकवत होता, हळूहळू, एकेक पायरी चाचपत, आणि तीच ती, माझी उतावळी कार्टी, गाल हातावर टेकवून ऐकत होती. वर्षाअखेर तिघंही पहिल्या ओळीत आली. मला शाळेत जे जे आलं ते मी कुलपात ठेवलं होतं. इथं ते रोज टेबलावर सांडत होतं आणि सांडल्यानं वाढत होतं.

पण माझी धास्ती गेली नव्हती. परीक्षा पुन्हा आली. या खेपेला ठिणगीबरोबर गल्लीतली दोन धाकटी पोरंही बसणार होती, आणि टेबलावर तिची पेन्सिल अजूनही टेकवलेलीच असायची. सगळ्यांकडे बघत थांबायची खोड काही जात नव्हती. आणि ही शेवटची संधी होती. त्यापुढे वय बसत नव्हतं.

मी आत्याला म्हटलं, "तिला टेबलावरून उठवा. परीक्षा होईपर्यंत घरात बसवते, दार लावून. मला येतं ते."

आत्या म्हणाली, "उठवशील. मग ती एकटी चालायला शिकेल. तिला पुढे चालायला शिकू दे."

"म्हणजे काय?"

"सुट्टीच्या दिवशी ये कामावर. बघ."

गाणं शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंचं घर होतं, तिसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर जागा मिळाली म्हणून त्या सगळं आवरून निघाल्या होत्या. पियानो उतरवायचा होता. जिना अरुंद, मध्ये दोन वळणं, कठडा लाकडी आणि झिजलेला. खालच्या दोन कोपऱ्यांपैकी एक माझ्या नवऱ्याकडे, म्हणजे सगळ्यात जास्त भार त्याच्याकडे. पट्टे खांद्यावर चढले. आणि आत्या म्हणाली, "आज हाक ठिणगी देईल."

कुणाला नवल वाटलं नाही. म्हणजे सगळ्यांना आधीच माहीत होतं, माझ्याशिवाय. ठिणगी जिन्यावर त्यांच्यापुढे जाऊन त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या दोन पायऱ्या खाली आत्या, हात मोकळे, तोंड बंद. मी वर दारात, त्या बाईंच्या शेजारी.

"उचला," ठिणगी म्हणाली. बारीक आवाज. पियानो उठला.

आणि ती थांबली.

ती प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत होती. याचं नीट झालं का, त्याचं झालं का, सगळ्यांचं होऊ दे मग हलू. टेबलावरची सवय! पण पियानो हातात घेऊन कुणाचंच नीट होत नसतं. नवऱ्याच्या मानेवरची शीर फुगली. मामेसासऱ्यांचे गुडघे थरथरायला लागले. माझ्या तोंडात हाक आली होती, 'अगं बोल, बोल काहीतरी!' शेजारच्या बाईंनी माझा दंड घट्ट धरला, की मीच त्यांचा धरला, आठवत नाही. आत्या एक शब्द बोलली नाही. मला त्या क्षणी तिचा गळा दाबावासा वाटला.

नवरा दातांतून म्हणाला, "बाळा, तू हललीस की आम्ही हलणार."

ठिणगीनं त्याच्याकडे पाहिलं. तिचा डावा पाय मागे गेला, टाचेनं पायरी शोधली, सापडली. ती एक पायरी खाली उतरली, तोंड त्यांच्याकडेच ठेवून. "डावा खाली," ती म्हणाली, आणि या वेळी आवाज जिन्यात घुमला. "उजवा धरून. अजून. कठडा आला, बाबा, बोटं!"

ते पुढे आले. ती मागे सरली, ते आणखी पुढे आले. चार दणकट बाप्ये आणि एक अजस्र पियानो त्या एवढ्याशा पोरीच्या आवाजावर पायरी पायरी खाली उतरत होते, जणू तिनंच त्यांना दोरीनं धरलं होतं. पहिल्या वळणावर पियानो तिरका झाला, ती म्हणाली "थांब," आणि सगळं जग थांबलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. माझी पोरगी सगळ्यांच्या पुढे होती आणि तिची नजर एक क्षणसुद्धा त्यांच्यावरून हटली नव्हती. मी जन्मभर पहिली आले, पण पुढे असणं असंही असतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

खाली पोचल्यावर ती म्हणाली, "टेकवा." आणि मटकन शेवटच्या पायरीवर बसून रडायला लागली. आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू तशीच थांबून राहिली असतीस ना, तर तुझ्या बापाची पाठ गेली असती. कळलं?" ठिणगीनं नाक पुसत मान हलवली. मग आत्या म्हणाली, "चला, चहा सांगा कुणीतरी."

परीक्षेच्या दिवशी मी आणि आत्या शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. या खेपेला आपली तिघं एकाच वर्गात होती आणि त्या वर्गाचं दार हवेसाठी उघडं ठेवलं होतं. आतलं दिसत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं: पेन्सिलींची खरखर, पानांची हलकी सळसळ, कुणाचा तरी खोकला, पंख्याची घरघर. पहिला भाग कधी संपेल, याचा अंदाज करत मी पदराची चुंबळ करून टाकली होती. निवांतराव आणि जुळ्या पण आल्या होत्या, आपली शाळा बुडवून. निवांतरावाचे ओठ पुटपुटत होते.

मग तो आवाज आला.

फर्र! कुणीतरी पान उलटलं. असं तसं नाही, मुद्दाम, झटक्यानं, कापड फाडावं तसं. आतून पर्यवेक्षकांचा आवाज आला, "हळू." आत्या बाकावर ताठ झाली. तिनं माझा हात धरला.

थोडा वेळ नुसता पंखा. मग तसंच झटक्यानं, पण बारीक, एक फर्र. मग अजून थोड्या वेळानं आणखी एक. धाकटी दोघं.

"हाक दिली तिनं," आत्या कुजबुजली. "ऐकलंस? थांबली नाही, आणि हाक पण दिली."

मी ऐकलं होतं. तिसऱ्या भागाला पुन्हा तसंच झालं. आधी एक मोठं पान, मग वेळ, मग दोन छोटी पानं. तिनं त्यांना एक अक्षरही सांगितलं नव्हतं, सांगता येणारच नव्हतं. मी पुढच्या पायरीवर आहे, पायरी पक्की आहे, या, एवढंच. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि आजूबाजूचे पालक, बाईला काय झालं म्हणून बघायला लागले.

ती पास झाली, धाकटी दोघंही झाली. हे आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण मला निकालाचा दिवस फारसा आठवतच नाही. मला आठवते ती घंटा झाल्यानंतरची वेळ. पोरांचा लोंढा बाहेर आला. सगळ्यात शेवटी ठिणगी दारात दिसली, आणि तिच्यामागे ती दोघं, भेदरलेली, पेन्सिली अजून मुठीत. शाळेच्या त्या उंच पायऱ्यांवरून माझी पोरगी खाली उतरायला लागली, आमच्याकडे पाठ करून, त्या दोघांकडे तोंड करून, टाचेनं एकेक पायरी चाचपत. "तिसरा कसा गेला? बरं. दुसऱ्यातलं पाचवं आलं?"

पडेल, असं माझ्या मनात आलं. मी ओरडणार होते. आत्याकडे बघितलं, तर ती पायऱ्यांच्या तळाशी जाऊन उभी होती, हात मोकळे, तोंड बंद. मग मीही गप्प उभी राहिले आणि बघत राहिले.